निगेटिव्हमधले फौजी

एकाहत्तरच्या लढाईच्या त्या हिवाळ्यात आमच्या घरी स्वयंपाक दिवस मावळायच्या आत उरकून घ्यावा लागे. खिडकीच्या काचांना ब्लॅकआउटसाठी बाबांनी जाड तपकिरी कागद खळीनं चिकटवला होता, त्यामुळे बाहेर लख्ख ऊन असतानाही आमच्या दोन खोल्यांत कायम तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटायचं. जबलपुराच्या कडेचं आमचं महाराजपूर तेव्हा आजच्यासारखं कॉलन्यांनी भरलेलं नव्हतं. आमच्या मागच्या दाराला लागूनच तुरीचं शेत होतं आणि आई तिथून ओल्या शेंगा आणून, सोले काढून, लसूण-मिरचीचं वाटण घालून त्यांची भाजी करायची. आई भंडाऱ्याकडची, जबलपुरात वीस वर्षं राहूनही तिची जीभ आणि तिचं तिखट दोन्ही तिकडचंच राहिलं होतं. भाजीला फोडणी बसली की ती स्टोव्ह विझवायची, त्याची ती भसभस थांबायची, आणि मग घरात एकदम इतकी शांतता व्हायची की मला ती नकोशी वाटे. त्या शांततेत मी विमान ऐकत बसायचे. दूरवर ट्रक गेला तरी मला विमान वाटायचं. आमच्या गावात तोफा बनतात हे शाळेतल्या प्रत्येक पोरीला ठाऊक होतं, तेव्हा पहिला बॉम्ब जबलपुरावरच पडणार हेही आम्ही आपसांत ठरवून टाकलं होतं. त्यात माझे बाबा फॅक्टरीत टर्नर. तोफेचा कुठला तरी एक भाग ते लेथवर कातायचे. म्हणजे तो बॉम्ब शोधत शोधत आमच्याच घरी येणार, असं मला अगदी मनापासून वाटत असे. मी तेरा वर्षांची होते. तेरा वर्षांच्या माणसाची भीती फार नेमकी असते, तिला पत्ता ठाऊक असतो.

लढाईची तयारी सुरू झाल्यापासून बाबांची ड्यूटी लांबली. माझी शाळा नेपियर टाउनला, आणि येता-जाता मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर. शाळा सुटायची तेव्हा फॅक्टरी सुटायला अजून दीड-दोन तास असत. तेवढा वेळ मला बसायला बाबांनी एक जागा पाहून दिली, एका फोटो स्टुडिओच्या मागची खोली. तिथे मनोहरकाका काम करायचे. ते आमचे नातेवाईक नव्हते. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे त्यांची मराठी आमच्या मराठीहून वेगळी, जुन्या वळणाची होती, आणि मध्येच ती हिंदीत सांडायची. बाबांची त्यांची ओळख एका वाचनालयात झालेली. दोघंही रविवारी तिथे जाऊन मराठी वर्तमानपत्र वाचायचे, एकच प्रत असल्यामुळे अर्धी-अर्धी वाटून घ्यायचे. काका पन्नाशीचे, एकटे, कोटाची सगळी बटणं लावलेले. त्यांचं काम रिटचिंगचं. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. तेव्हा फोटो काढल्यावर निगेटिव्हवर पातळ वार्निशचा हात देऊन, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, सुरकुत्या, डाग एकेक टिंब देत भरून काढायचे. मग प्रिंटमध्ये माणूस गुळगुळीत यायचा. काका खिडकीपाशी कलत्या फळीवर निगेटिव्ह ठेवून तासन्‌तास ते करत बसायचे आणि मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर गणितं करायचे.

गणितं कंटाळवाणी होती आणि मी घाबरलेली होते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. एक दिवस त्यांनी वर्तमानपत्र पुढे ओढलं, एका फोटोखालचं नाव अंगठ्यानं झाकलं आणि म्हणाले, "ओळख बघू, हा कोण?"

वर्तमानपत्रं तेव्हा फौजी साहेबांच्या फोटोंनी भरलेली असायची, आपले आणि शत्रूकडचेही. ती नावं त्या काळच्या सगळ्यांनाच तोंडपाठ होती, मी इथे ती लिहीत नाही. मी म्हटलं, सगळे सारखेच दिसतात, मिशा आणि टोपी. "अच्छा? मग टोपी काढून टाक," काका म्हणाले. "मिशीही काढून टाक. मिशी माणूस उद्या सकाळी उतरवू शकतो. कान बघ. कान कोणाला बदलता येत नाही." मग ते तीन खुणा द्यायचे. एक छातीवरच्या पट्ट्यांची, एक तो कुठल्या लढाईत होता त्याची, आणि तिसरी काहीतरी गमतीची, म्हणजे हा हसला की एकच गाल हसतो, वगैरे. पंधरा दिवसांत मी अशी तयार झाले की नाव झाका, टोपी झाका, नुसती हनुवटी आणि कान ठेवा, मी सांगायचे. काका मान डोलवायचे आणि म्हणायचे, "चलो, पुढचा." तेवढा वेळ मला विमान ऐकू येत नसे. त्या खेळासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे, आणि पुढे जे झालं ते लिहायला मला एवढी वर्षं लागली तीही त्याच खेळामुळे.

साहेबलोक संपले तेव्हा आम्ही साध्या शिपायांकडे वळलो. छावणीतले फौजी पूर्वेकडे निघण्याआधी स्टुडिओत फोटो काढायला यायचे. बसल्या बसल्या ते काकांशी बोलायचे. कोणी म्हणे, "बाबूजी, सोमवार तक दे देना, गाड़ी है." कोणी नुकतंच लग्न झाल्याचं सांगे. काका ते सगळं एका वहीत लिहून ठेवायचे, नाव, गाव, कोणत्या दिवशी निघाला. आणि त्या प्रत्येकाची निगेटिव्ह बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात घालून टेबलाखाली ठेवायचे. स्टुडिओचा मालक जुन्या निगेटिव्ह महिन्याभरात भंगारात काढायचा, म्हणून हा डबा त्याच्या नजरेआड. मी विचारलं, काहून ठेवता? तेव्हा त्यांनी सांगितलं की मागच्या लढाईनंतर एक म्हातारा पायी चालत आला होता. त्याच्या मुलानं जाताना इथे फोटो काढला होता, पण न्यायला मुलगा आलाच नाही. म्हाताऱ्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता. "मी सगळं धुंडाळलं," काका म्हणाले. "नव्हता. फेकला गेला होता. म्हातारा म्हणाला, कोई बात नहीं भैया, आणि पाणी पिऊन निघून गेला." ते पुन्हा पेन्सिलीला टोक काढायला लागले. "तेव्हापासून ठेवतो. पण नंदा, ही गोष्ट या खोलीतच राहिली पाहिजे. बाहेर लोकांना उलटं वाटेल."

मी हो म्हटलं. आणि तरीही आठवड्याभरात चार शिपाई दप्तरात घालून शाळेत नेले. बिघडलेले छोटे प्रिंट काका मला देत असत. मी ते वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवले होते आणि मागे माझ्या अक्षरात तीन-तीन खुणा लिहिल्या होत्या. त्यातली एक चिठ्ठी मला जशीच्या तशी आठवते: "एक, नवी नवरी सोडून आला. दोन, नदीवर पूल बांधतो. तीन, सोमवारच्या गाडीनं पूर्वेला गेला." मधल्या सुट्टीत मी पोरींना खेळ शिकवला. मला कोणी फारसं खेळायला घेत नसे, त्या दिवशी माझ्याभोवती दहा जणी होत्या. घंटा झाली तरी आम्ही उठलो नाही, म्हणून बाई आल्या, त्यांनी एक पुठ्ठा उचलला, उलटून वाचला. त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला. त्यांनी मला मारलं नाही, काही बोलल्याही नाहीत. चारही पुठ्ठे पदराखाली घेतले आणि मोठ्या बाईंच्या खोलीकडे चालायला लागल्या. मारलं असतं तर मी इतकी घाबरले नसते.

त्या दिवसांत हेरांच्या गोष्टी घरोघर चालायच्या. बांगड्या विकणाऱ्या बाईच्या टोपलीत वायरलेस सापडला, अमक्या साधूच्या जटेत नकाशा होता. यातलं खरं किती होतं देव जाणे, पण संशय घ्यायला प्रत्येकजण तयार होता. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई अंगणात गहू निवडत होती, बाबा सायकलला तेल देत होते. जीप आमच्या गल्लीत कधी आलीच नव्हती, त्यामुळे ती वळली तेव्हाच सगळी गल्ली बाहेर आली. दोन माणसं उतरली, साध्या कपड्यांतली. एकानं पुठ्ठा पुढे केला आणि बाबांना विचारलं, "ये किसकी लिखावट है?"

बाबांनी पुठ्ठा हातात घेतला. तेलाचे हात होते, कडेला काळा ठसा उमटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं त्यांना पाहायचंच नव्हतं. पण मी दारात उभी राहून इतकी थरथरत होते की त्या माणसाला उत्तर मिळालं. "उद्या सकाळी दहा वाजता मुलीला घेऊन या," तो हिंदीत म्हणाला, एका बंगल्याचा पत्ता सांगितला, आणि जाता जाता बाबांचा फॅक्टरीचा पास मागून घेतला. तो पास म्हणजे आमचं घर होतं. जीप गेल्यावर आई भिंतीवरच्या बुद्धांच्या फोटोपुढे बसली आणि त्रिशरण म्हणायला लागली. ती नेहमी हळू म्हणायची. त्या दिवशी तिचा आवाज चढत गेला, आणि मध्येच ती ओळ विसरली. आईला त्रिशरण विसरताना मी तेव्हाच एकदा पाहिलं.

बंगला मोठा होता. व्हरांड्यात गुलाबाच्या कुंड्या, आत लांब टेबल. टेबलामागचे अधिकारी गोरेपान, हळू बोलणारे. त्यांनी मला बसायला सांगितलं, बाबांना नाही. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले, त्यांचा श्वास माझ्या केसांवर लागत होता. टेबलावर माझे चार पुठ्ठे आणि बाबांचा पास होता. अधिकाऱ्यांनी खणातून वर्तमानपत्रांतले कापलेले फोटो काढले, नावाच्या जागी कागद चिकटवलेले, आणि एक पुढे सरकवला. "बिटिया, ये कौन हैं?"

मी सांगितलं. त्यांनी दुसरा सरकवला, तिसरा सरकवला. मी सांगत गेले. सहाव्या फोटोत साहेबाची पाठ होती, नुसता एक कान आणि खांदा. तोही मी ओळखला. आज कबूल करते, त्या भीतीतही मला आतून गुदगुल्या झाल्या. ते म्हणाले, "बहुत होशियार हो. कैसे पहचाना?" मी म्हटलं, कानावरून. ते हसले, मागे टेकले आणि म्हणाले, "कान देखना किसने सिखाया?"

तेव्हा मला कळलं की खेळ कुठे चालला होता. मी नजर पुठ्ठ्यांवर खिळवली. अधिकाऱ्यांनी आवाज चढवला नाही, नुसता बाबांचा पास उचलला, उघडला, त्यातला बाबांचा फोटो पाहिला, मग बाबांकडे पाहिलं, जणू तेच का हे तपासत होते. बाबांचा श्वास माझ्या केसांवर लागायचा थांबला. आणि मी बोलले. मनोहरकाकांचं नाव सांगितलं, स्टुडिओ सांगितला. एवढ्यावर थांबले असते तर माझ्या मनाला काही सांगता आलं असतं. पण भीतीनं तोंड उघडलं की ते आपल्या ताब्यात राहत नाही. मी वहीचं सांगितलं. आणि टेबलाखाली बिस्किटांच्या डब्यात सगळे फौजी आहेत, हेही सांगितलं. डब्याचं त्यांनी विचारलंच नव्हतं.

बाबांना पास तिथेच परत मिळाला. काकांना दुपारी घेऊन गेले. हे आम्हाला संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं सांगितलं, प्रत्येकानं थोडं वाढवून. कॅमेऱ्यात वायरलेस होता म्हणे, पेन्सिलीत विष होतं म्हणे. आईनं त्या दिवशी पिठलं केलं, ते तसंच गार झालं. मी बाबांना विचारलं, "काकांना फाशी देतील काय?" बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तू खरं बोलली, नंदा. खरं बोलाले लागतेच. पण खरं बोलून बी कोणाचं वाटोळं होते कधी कधी. मले नाई समजून राहिलं काय सांगू तुले." त्यानंतर दोनदा बाबा फार उशिरा घरी आले आणि न जेवता झोपले. ओव्हरटाइम होता, म्हणाले. आई आणि मी तेच धरून चाललो.

लढाई थोड्या दिवसांत संपली. रेडिओवर जिंकल्याची बातमी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी शाळेत बुंदी वाटली. पोरी नाचत होत्या. माझ्या हातात बुंदीचा द्रोण होता आणि मला वाटत होतं, आता लढाई संपली, आता त्या बंगल्यातल्या लोकांना काकांकडे बघायला वेळ मिळेल. मी ती बुंदी खाऊ शकले नाही. नळापाशी जाऊन वाहत्या पाण्यात सोडली. काका तीन-साडेतीन आठवड्यांनी सुटले. त्या लोकांनी वहीतल्या पत्त्यांवर माणसं पाठवून चौकशी केली होती. दोन-तीन गावांत काकांनी पदरच्या पैशांनी टपालानं पाठवलेले फोटो घराघरांत टांगलेले सापडले, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. हे बाबांना मागाहून कळलं.

"चल," एका दुपारी बाबा म्हणाले. त्यांनी अर्धी रजा टाकली होती.

"कुठं?"

"मनोहररावांकडे. तुले जे सांगायचं हाये ते सांग."

मी गेले नसते. पण बाबांनी सायकल अंगणात काढून धरली होती आणि ते दांडीकडे पाहत उभे होते.

स्टुडिओच्या मालकानं काकांना कामावरून काढलं होतं, आपलं सामान घेऊन जा म्हणून त्या दिवशी बोलावलं होतं. काका मागच्या खोलीत त्याच फळीपाशी उभे होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, पण कोट सैल झालेला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात केला. "नंदा आली? बरं झालं. बस इथे, तुझे डोळे पाहिजेत." कोपऱ्यात एक बाई भिंतीला टेकून बसली होती. चाळिशीची असेल, अंगावर घोंगडी, पायांवर धुळीचा थर. मझौली गावाहून आली होती. मुलगा लढाईत पडल्याची तार तिला महिन्याभरापूर्वी मिळाली होती. मुलानं निघताना इथे फोटो काढल्याचं पत्रात लिहिलं होतं. "हमाए लरका की फोटू हती इतै," आमच्या पोराचा फोटो होता इथे, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

डबा परत मिळाला होता, वही मिळाली नव्हती. निगेटिव्हवर काका नाव लिहीत नसत, नुसता आकडा, आणि आकडा कोणाचा ते वहीत. डब्यात शंभरावर फौजी होते आणि आता त्यांतल्या एकालाही नाव नव्हतं. काकांचा हात कापत होता. निगेटिव्ह उजेडाला धरली की ती थरथरायची आणि त्यांना काही दिसायचं नाही. "विचार तिला," ते म्हणाले. "खुणा विचार."

मी विचारल्या. वय वीस. मिशी? होती, बारीक. चेहरा कसा? ती म्हणाली, डाव्या भुवईपासून वर कपाळात खूण आहे, लहानपणी गवत कापताना विळा लागला होता. मी डब्यातल्या निगेटिव्ह एकेक करून खिडकीला धरायला लागले. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे, केस पांढरे, डोळ्यांची बुबुळं पांढरी. सगळे म्हातारे आंधळे वाटत होते. दहा पाहिल्या, वीस पाहिल्या, खूण कोणालाच नाही. आणि असणारही नव्हती. काकांनी प्रत्येकाची खूण पेन्सिलीनं भरून टाकली होती, तेच तर त्यांचं काम. ती बाई माझ्या बोटांकडे पाहत होती. मला वाटलं, मी चुकीचा मुलगा काढून दिला तर ही त्यालाच आयुष्यभर हार घालील. त्या बंगल्यात मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी तिथे वाटली.

"सरळ धरू नको," काका मागून हळूच म्हणाले. "तिरपी धर. माझी पेन्सिल चमकेल."

तिरपी धरल्यावर खरंच शिशाची चकाकी दिसायला लागली. कोणाच्या गालावर, कोणाच्या नाकाच्या शेंड्यावर, जिथे जिथे काकांनी व्रण मिटवला होता तिथे तिथे. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. भुवईवर चकाकी असलेले दोघे निघाले. दोघंही विशीतले, दोघांनाही बारीक मिशी. मी वळून त्या बाईकडे पाहिलं. तिला म्हटलं, "माई, पल्लू थोडा हटाओ." तिनं पदर मागे सारला. तिच्या कानाची पाळी गालाला सरळ चिकटलेली होती, लोंबती नव्हती. दोघांपैकी एकाची तशी होती. मी ती निगेटिव्ह काकांच्या हातात दिली आणि माझे हात मांड्यांखाली दाबून बसले.

मालकानं तेवढ्या दुपारपुरती डार्करूम वापरू दिली. काकांनी प्रिंट काढून ओलाच बाहेर आणला. बाईनं तो दोन्ही हातांवर घेतला, दाराच्या उजेडात नेला, बराच वेळ पाहिला आणि मान हलवली. "जो नइयाँ," ती म्हणाली. हा नाही. "जो तो कोऊ बाबूसाब को लरका आय." असा गुळगुळीत तर कोणा बाबूसाहेबाचा पोरगा.

बाबा दारात उभे होते, ते एक पाऊल आत आले. काका मात्र निगेटिव्ह घेऊन फळीपाशी गेले, टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला आणि भुवईच्या वर पुसायला लागले. त्यांनीच भरलेलं एकेक टिंब कापसावर काळं होऊन येत होतं. मग पुन्हा डार्करूम. या वेळी त्यांनी मलाही आत घेतलं. लाल दिव्यात तबकातल्या पाण्यात आधी केस आले, मग डोळे, मिशी, आणि सगळ्यांत शेवटी भुवईतून कपाळावर चढणारी वाकडी रेघ. बाहेर आणला तेव्हा बाईनं तो हातात घेतलासुद्धा नाही. लांबूनच पाहिला आणि त्याला नावानं हाक मारली, अंगणातून पोराला जेवायला बोलवावं तशी.

ती गेली तेव्हा चार वाजले होते. काका तबक धूत होते. मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "काका, तुमचं नाव मीच सांगितलं. आणि डब्याचंही. त्यांनी विचारलं नव्हतं तरी."

"मालूम है," ते म्हणाले. तबक उपडं ठेवलं, हात पुसले, आणि मग ते वळले ते माझ्याकडे नाही, बाबांकडे. "मीही एक नाव सांगितलं आहे, नंदा. पहिल्याच दिवशी. तुझे पुठ्ठे टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, हे कोणासाठी लिहवून घेतलंत? मी फार घाबरलो. म्हटलं, मला काही माहीत नाही, पोरीचा बाप फॅक्टरीत आहे, तोच हे मागवून घेतो." त्यांनी उपडं तबक उगाच सरकवलं. "धडधडीत खोटं. सहीसुद्धा केली त्याखाली."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "मले वाचून दाखवलं होतं त्यांनी," ते म्हणाले. "दोन खेपा बोलावलं होतं. झालं ते झालं, मनोहरराव. डबा जड हाये, सायकलवर घेऊन चलतो तुमच्या खोलीपर्यंत."

डबा कॅरियरला बांधून आम्ही तो काकांच्या खोलीवर पोचवला. त्यांनी चहा केला, तो तिघांनी प्यायला. पुढे वर्षभरात ते सागरला बहिणीकडे गेले. जाण्याआधी डब्यातल्या आणखी अकरा जणांची घरं त्यांनी आणि मी मिळून, त्यांच्या आठवणीनं आणि खुणा विचारत, शोधून काढली. तेवढ्या रविवारांत बाबा मला स्वतः काकांच्या दारात सोडायचे आणि स्वतः न्यायला यायचे.

पण त्या पहिल्या दिवशी परतताना मी दांडीवर ताठ बसले होते. अधारतालच्या चढावर बाबा उतरून सायकल ढकलायला लागले तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं त्यांनी तुमचं नाव घेतलं ते. मग मला त्यांची माफी मागायला काहून नेलं?"

बाबांना दम लागला होता. चढ संपेपर्यंत ते सायकल ढकलत राहिले. वर आल्यावर थांबले, मला उतरू दिलं नाही, नुसतं हँडल धरून उभे राहिले.

"भेलेला माणूस जवळचंच नाव घेते, बाई," ते म्हणाले. "दूरचं त्याले आठवतच नाई. तुले तो जवळचा होता. त्याले मी."